सुरीची धार आणि एहसानची शिकवण

ईद-उल-अजहा जवळ आली की पेण, रोहा आणि आसपासच्या गावांतील मुस्लिम वस्त्यांमध्ये ठरावीक विषयांची चर्चा सुरू होते. बोकड कोठून आणावा, त्याचे वय पूर्ण झाले आहे काय, तो निर्दोष आहे काय, मांसाचे वाटप कसे करावे? हे सर्व प्रश्न योग्यच आहेत आणि शरीअतने त्यांची उत्तरेही दिली आहेत. परंतु ज्या साधनाने ही उपासना प्रत्यक्ष पार पडते, त्या सुरीविषयी ईदच्या आदल्या रात्रीपर्यंत कोणी फारसे बोलत नाही. ती कपाटाच्या मागून किंवा माळ्यावरून काढली जाते, धुतली जाते आणि तशीच वापरली जाते.

या बेपर्वाईचा दोष प्रस्तुत लेखकाकडेही आहे, म्हणून प्रथम तोच सांगणे उचित होय. अनेक वर्षांपूर्वी रोह्यातील आमच्या घरी कुर्बानीच्या वेळी सुरीची जबाबदारी माझ्यावर होती. पावसाळी हवेने पात्यावर तांबेरा चढला होता. मी तो घासून काढला आणि सुरी तयार आहे असे मानले. बोकड आडवा केल्यानंतर लक्षात आले की सुरी कापत नाही, नुसती घासते. मी ती घेऊन घराच्या पायरीवर धार लावू लागलो. बोकड चौघांच्या हाताखाली धडपडत होता आणि डोळे वळवून पाहत होता. मोहल्ल्यातील एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. त्यांनी बोकडाला सोडायला लावले आणि मला एवढेच म्हणाले, "बेटा, हे काम काल करायचे होते." त्या एका वाक्याने मला जे शिकवले, ते पुढे हदीसच्या ग्रंथांत वाचताना प्रत्येक वेळी मान खाली गेली.

प्रेषितांची शिकवण

सहीह मुस्लिममध्ये आदरणीय शद्दाद बिन औस (रजि.) यांच्याकडून एक सुप्रसिद्ध हदीस आली आहे. तिचा आशय असा की, अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तमता आणि सद्वर्तन, अनिवार्य केले आहे. जनावर जबह करायचे असेल तर तेही उत्तम रीतीने करावे, प्रत्येकाने आपल्या पात्याला धार लावावी आणि जनावराला आराम द्यावा. या हदीसमध्ये विचार करण्याजोगी गोष्ट ही की, एहसानचे उदाहरण देताना प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी नमाज किंवा दानधर्म यांचे उदाहरण दिले नाही. जेथे माणूस सर्वाधिक कठोर होण्याची शक्यता असते, तो क्षण त्यांनी निवडला. तेथेही दया अनिवार्य असेल, तर आयुष्यातील कोणते काम त्यातून सुटणार?

आदरणीय इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनात एक प्रसंग आला आहे. एका माणसाने बकरी आडवी पाडली आणि त्यानंतर तो सुरीला धार लावू लागला. प्रेषितांनी (सल्ल.) त्याला विचारले की, तू या जनावराला एकापेक्षा अधिक वेळा मारू इच्छितोस काय, तिला आडवी करण्यापूर्वीच धार का लावली नाहीस? आदरणीय इब्ने उमर (रजि.) यांच्या कथनात याच अर्थाची आज्ञा आहे की पाती धारदार असावीत आणि ती जनावरांपासून लपवून ठेवावीत.

तिसरी हदीस घरातील आहे आणि ती आपल्या माताभगिनींनी विशेष लक्षपूर्वक समजून घ्यावी. सहीह मुस्लिममधील कुर्बानीच्या प्रकरणात आले आहे की प्रेषितांनी (सल्ल.) कुर्बानीसाठी एडका आणविला, आदरणीय आयेशा (रजि.) यांना सुरी आणण्यास सांगितले आणि ती दगडावर धारदार करण्यास सांगितले. त्यांनी तसे केले. त्यानंतरच प्रेषितांनी सुरी हाती घेतली, एडक्याला आडवे केले, अल्लाहचे नाव घेतले आणि आपल्या, आपल्या कुटुंबाच्या व आपल्या उम्मतच्या वतीने ती कुर्बानी स्वीकारली जावी अशी प्रार्थना केली. म्हणजे सुरीला धार लावणे हे उपासनेच्या तयारीतील एक पाऊल होते आणि ते श्रद्धावंतांच्या मातेच्या हातून घडले. आपल्या घरांत मात्र हे काम क्षुल्लक समजून कोणावर तरी ढकलले जाते.

बोथट सुरी आणि हलालचा प्रश्न

काही लोकांना वाटते की धार हा केवळ सोयीचा प्रश्न आहे. अल्लाहचे नाव घेतले की झाले. वस्तुस्थिती तशी नाही. आदरणीय राफे बिन खदीज (रजि.) यांच्या हदीसनुसार ज्या साधनाने रक्त वाहते आणि ज्यावर अल्लाहचे नाव घेतले जाते, तो जबह वैध आहे, दात आणि नख मात्र त्यातून वगळले आहेत. कअब बिन मालिक (रजि.) यांच्या एका दासीने मरणोन्मुख बकरी धारदार दगडाने जबह केली, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) ती खाण्यास अनुमती दिली. यावरून स्पष्ट होते की साधन सुरीच असावे अशी अट नाही. अट आहे ती साधनाने कापण्याची. दाबून, चिरडून किंवा गळा आवळून प्राण घेणे हा जबह नव्हे. सूरह माइदामध्ये (५:३) निषिद्ध जनावरांच्या यादीत गळा दाबून मेलेल्या आणि आघाताने मेलेल्या जनावरांचा उल्लेख आहे, हे येथे आठवावे.

कोकणातील मुस्लिम समाज बहुतांशी शाफई मताचे अनुसरण करतो. शाफई मतानुसार श्वासनलिका (हुलकूम) आणि अन्ननलिका (मरी) या दोन्ही पूर्णपणे कापल्या जाणे आवश्यक आहे, तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापणे सुन्नत आहे. हनफी मतानुसार या चारपैकी किमान तीन कापल्या गेल्या पाहिजेत. शाफई फिकहच्या ग्रंथांत बोथट सुरीविषयी स्वतंत्र चर्चा आहे. तिचा सारांश असा की, अशा सुरीने केलेला जबह दोन अटींवरच वैध ठरतो. पहिली अट, कापण्यासाठी पात्याच्या धारेऐवजी माणसाच्या जोराची गरज पडू नये. दुसरी अट, जनावर अखेरच्या तडफडीच्या अवस्थेला पोहोचण्यापूर्वी दोन्ही नलिका कापल्या जाव्यात. म्हणजे हयगय केली तर जनावराला यातना होतातच, शिवाय ताटातील मांसाविषयीही शंका निर्माण होते. असा प्रसंग प्रत्यक्ष उद्भवल्यास आपल्या मोहल्ल्यातील आलिमांना विचारावे. तो उद्भवूच नये म्हणून काय करावे, हे मात्र प्रत्येकाच्या हातात आहे.

शेजाऱ्यांच्या परंपरेतील एक साक्ष

आपल्याच जिल्ह्यात ग्रंथधारकांचा एक समाज शतकानुशतके नांदला आहे. तो म्हणजे बेने इस्रायल. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. गावावरून पडलेली त्यांची पेणकर आणि रोहेकर ही आडनावे आजही प्रसिद्ध आहेत. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. यहुदी धर्मशास्त्रात जनावर कापण्याच्या सुरीला खंड किंवा खाच असता कामा नये असा कडक नियम आहे. कापण्यापूर्वी आणि नंतरही पात्याची धार बोटाने व नखाने तपासली जाते आणि खाच आढळल्यास ते जनावर त्यांच्यासाठी वर्ज्य ठरते. आपल्या आणि त्यांच्या शरीअतमध्ये फरक आहेत. परंतु पूर्वी आलेल्या ग्रंथाचे अनुयायी जर पात्यावर बोट फिरवून एवढी दक्षता घेत असतील, तर एहसानची आज्ञा मिळालेल्या उम्मतने तपासणीशिवाय सुरी उचलणे शोभत नाही.

कोणत्या कामास कोणती सुरी?

एकाच सुरीने सर्व कामे करणे ही आपल्या घरांतील सर्वांत मोठी चूक होय. जी सुरी हाडावर आपटली, तिने पुढच्या वर्षी जबह करणे म्हणजे खाचा पडलेल्या पात्याने मान कापणे होय.

जबहची सुरी : पाते सरळ, लांब आणि सलग धारेचे असावे. जनावराच्या मानेच्या रुंदीच्या साधारण दुप्पट लांबी असावी. म्हणजे सुरी न उचलता एकदोन लांब ओढींत काम पूर्ण होते. पाते आखूड असेल तर टोक जखमेत रुतते आणि यातना वाढतात. दातेरी पाते मुळीच वापरू नये, कारण ते फाडते. मूठ ओल्या हातातून न निसटणारी असावी. ही सुरी केवळ याच कामासाठी राखून ठेवावी.

कोंबडीची सुरी : कोंबडीची मान बारीक असल्याने लहान पाते पुरते, परंतु धार तितकीच हवी. दुकानात दिवसभरात अनेक कोंबड्या जबह होतात. एका धारेवर संपूर्ण दिवस काढणे हे एहसानच्या विरुद्ध आहे.

कातडे सोलण्याची सुरी : टोकाकडे वर वळलेले लहान पाते असावे. त्यामुळे कातड्याला भोक पडत नाही. कातडे ही देखील अल्लाहने दिलेली देणगी आहे. ते फाडून वाया घालवू नये. जनावराचा प्राण पूर्णपणे जाईपर्यंत सोलण्यास प्रारंभ करू नये.

मांस काढण्याची सुरी आणि सत्तूर : हाडापासून मांस वेगळे करण्यासाठी अरुंद पात्याची सुरी आणि हाड तोडण्यासाठी जड सत्तूर असावा. सत्तुराची धार मुद्दाम जाडसर ठेवतात. ती फार पातळ केली तर पहिल्याच घावात तिचे तुकडे उडतात. ठोकळा चिंचेसारख्या चिवट लाकडाचा असावा. फरशीवर किंवा दगडावर तोडू नये.

स्वयंपाकघरातील पाती : भाजीसाठी विळी, नारळ खवण्यासाठी मोरळी, लहान कामांसाठी सुरी. पेणच्या खाडीपट्ट्यातील जिताडा असो वा बोंबील, मासळीला जबहची आवश्यकता नाही. ती तशीच हलाल आहे. म्हणून मासळीचे पाते आणि जबहची सुरी यांची सरमिसळ करण्याचे काही कारणच उरत नाही. झाडाझुडपांसाठीचा कोयता आणि भातकापणीचा विळा तर घराबाहेरच राहावा.

पोलादाची पारख

सूरह हदीदचे नावच लोखंडावरून आले आहे. तिच्या पंचविसाव्या आयतीत लोखंडात प्रचंड सामर्थ्य आणि मानवासाठी अनेक लाभ असल्याचे सांगितले आहे. आदरणीय दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ करण्यात आले होते, असे सूरह सबामध्ये (३४:१०) आले आहे. म्हणून या धातूची पारख करणे हा श्रद्धावंतासाठी नीरस विषय नसावा.

बाजारातील सुऱ्या दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार साध्या कार्बन पोलादाचा. आपल्याकडील लोहार अनेकदा मोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून पाती घडवतात. ती याच जातीची. अशा पात्याला धार लवकर लागते आणि चांगली टिकते, परंतु ते गंजते. दुसरा प्रकार स्टेनलेस पोलादाचा. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असल्याने ते सहसा गंजत नाही. मात्र स्वस्त मालातील पाते मऊ असते आणि धार लवकर उतरते. वर्षातून एकदा काढायची सुरी जर नीट तेल लावून ठेवणार असाल तर कार्बन पोलाद उत्तम. ती काळजी घेणे जमणार नसेल तर चांगल्या प्रतीचे स्टेनलेस पाते घ्यावे.

लोहार पाते लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतो, त्याला 'पाणी देणे' म्हणतात. त्यामुळे पाते कठीण होते. धार लावणाऱ्याच्या वेगवान चाकावर पाते जास्त वेळ दाबून धरले तर ते तापते आणि धारेवर निळसर छटा येते. ती दिसली की समजावे, पात्याचे पाणी उतरले; अशी धार टिकत नाही. म्हणून चाकावर धार लावून घेताना पाते वारंवार पाण्यात बुडवण्यास नम्रपणे सांगावे.

धार लावण्याची रीत

हे काम ईदच्या किमान दोनतीन दिवस आधी, जनावराच्या दृष्टीआड करावे.

प्रथम सुरी धुऊन पुसावी आणि उजेडात धार वर करून पाहावी. चांगली धार डोळ्यांना दिसत नाही. जेथे चकाकणारी रेघ किंवा ठिपका दिसेल, तेथे धार बोथट आहे किंवा खाच आहे.

हार्डवेअरच्या दुकानात एक बाजू खरखरीत आणि दुसरी गुळगुळीत असलेला धारेचा दगड मिळतो. तो पाण्याने चांगला भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे सरकत नाही. पाते दगडावर सुमारे वीस अंशांत धरावे. हा कोन असा ओळखावा: पाते उभे धरले की काटकोन होतो, त्याच्या निम्मे म्हणजे पंचेचाळीस अंश आणि त्याच्याही निम्म्यापेक्षा किंचित कमी म्हणजे आपला कोन. सत्तुरासाठी तो पंचवीस ते तीस अंश ठेवावा.

खरखरीत बाजूवर मुठीपासून टोकापर्यंत पाते एकसारखे फिरवावे. काही वेळाने दुसऱ्या बाजूने अंगठा आडवा नेला असता धातूची बारीक उलटलेली कोर जाणवते. ती संपूर्ण लांबीवर जाणवली की पाते उलटे करून दुसऱ्या बाजूसही तितकेच घासावे. नंतर गुळगुळीत बाजूवर दाब कमी करीत हीच क्रिया करावी. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतील बाजूवर, धार मागे राहील अशा रीतीने, पाते दहाबारा वेळा ओढावे. उरलेली कोर निघून जाते. घाई करू नये. कोन एकसारखा राखणे हेच या कामाचे मर्म आहे.

खाटकाजवळ पोलादी सळई असते. ती दुमडलेली धार सरळ करते. झिजलेली धार नव्याने निर्माण करीत नाही. केवळ सळईवर विसंबून राहणे ही सर्वसामान्य चूक आहे.

त्यानंतर परीक्षा घ्यावी. साधा कागद एका हाताने लोंबकळत धरून त्यावर पाते ओढावे. कागद न अडकता सरळ कापला गेला तर धार योग्य आहे. मध्येच फाटला तर त्या ठिकाणी पुन्हा काम करावे. कापसाचा बोळा धारेवरून हलकेच फिरवल्यास सूक्ष्म खाच कळते, कारण तेथे तंतू अडकतात. ही परीक्षा मानेवर घ्यायची नसते.

प्रत्यक्ष वेळी

जनावराला पाणी पाजावे, फरफटत नेऊ नये आणि दुसऱ्या जनावरासमोर जबह करू नये. सुरी त्याच्या नजरेस पडू देऊ नये. किब्ल्याच्या दिशेस हळुवार आडवे करावे, 'बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर' म्हणावे आणि दाब न देता लांब ओढ घ्यावी. कापण्याचे काम धारेने करावे, हाताच्या बळाने नव्हे. कण्यापर्यंत कापत जाऊ नये आणि मान मोडू नये. प्रत्येक जनावरानंतर सुरी बाजूला नेऊन धुवावी, तपासावी आणि गरज वाटल्यास पुन्हा धार लावावी. ज्याचा हात थरथरतो त्याने आग्रह धरू नये. जाणकाराकडून जबह करवून घेऊन स्वतः शेजारी उपस्थित राहणेही पुरेसे आहे. नगरपरिषदेने जबहसाठी आणि स्वच्छतेसाठी जी व्यवस्था व नियम ठरवले असतील त्यांचे पालन करावे. रस्त्यावर रक्त वाहू देऊन शेजाऱ्यांना त्रास देणे हे देखील एहसानच्या विरुद्धच आहे.

सुरी ठेवणे आणि देणे

सूरह यूसुफमध्ये (१२:३१) सुरीचा उल्लेख येतो. मेजवानीतील स्त्रियांच्या हाती सुऱ्या होत्या, त्यांचे भान हरपले आणि त्यांनी स्वतःचेच हात कापून घेतले. पाते हाती असताना लक्ष विचलित होणे किती घातक असते, याचा बोध यातूनही घेता येतो. धार लावलेल्या सुरीने जखम होते हे खरे, परंतु बोथट सुरी अधिक धोकादायक असते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि ती निसटते.

प्रेषितांनी (सल्ल.) उपसलेली तलवार एकमेकांच्या हाती देण्यास मनाई केली आहे आणि मशिदीतून वा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत असे सांगितले आहे, जेणेकरून कोणा मुस्लिमास इजा होऊ नये. म्हणून सुरी देताना ती खाली ठेवावी आणि दुसऱ्याने उचलावी, अथवा मूठ पुढे करून द्यावी. थट्टेतही ती कोणावर रोखू नये. भावाकडे लोखंडी शस्त्र रोखणाऱ्यावर फरिश्ते धिक्कार पाठवतात, असा हदीसमध्ये कडक इशारा आहे. ईदसाठी दिवा-रोहा रेल्वेने किंवा महामार्गाने गावी येताना सुऱ्या उघड्या आणू नयेत. शक्यतो त्या गावच्या घरीच ठेवाव्यात.

आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि ओलसर हवेत उघडे पोलाद काही दिवसांतच गंजते. काम संपताच सुरी गरम पाण्याने धुवावी, कोरडी पुसावी, तिला खोबरेल तेलाचा हात लावावा आणि कोरड्या कापडात गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी. चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते.

सारांश

सूरह हजमध्ये (२२:३७) अल्लाहने स्पष्ट केले आहे की त्याच्यापर्यंत मांस पोहोचत नाही आणि रक्तही पोहोचत नाही. पोहोचतो तो आपला तकवा, म्हणजे ईशभय. हा तकवा बोकडाच्या किमतीत शोधून सापडणार नाही. आदल्या दिवशी कोणी पाहत नसताना ओट्यावर बसून दगडावर शांतपणे सुरी फिरवणाऱ्या माणसाच्या मनात तो असू शकतो. ज्या मुक्या प्राण्याला आपण अल्लाहच्या नावाने हाती धरले आहे, त्याची शेवटची घटका सुसह्य करणे एवढेच त्याच्यासाठी आपण करू शकतो. तेही न करणाऱ्याने दयेच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगाव्यात?

घरातील अभ्यासासाठी काही प्रश्न खाली दिले आहेत. ईदपूर्वी एखाद्या संध्याकाळी मुलांसह त्यांवर चर्चा करावी.

१) आदरणीय शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या हदीसमध्ये एहसानसाठी जबहचेच उदाहरण का आले असावे?
२) बोथट सुरीने केलेल्या जबहसाठी शाफई मतात कोणत्या दोन अटी आहेत?
३) आपल्या घरात जबहसाठी राखून ठेवलेली स्वतंत्र सुरी आहे काय? तिची धार शेवटची कधी तपासली?
४) सुरी दुसऱ्याच्या हाती देण्याची रीत कोणती?

अल्लाह आपणा सर्वांना प्रत्येक कामात एहसानची बुद्धी देवो, आपल्या हातून कोणत्याही प्राण्यास विनाकारण यातना न होवोत आणि आपल्या कुर्बान्या त्याच्या दरबारी स्वीकारल्या जावोत. आमीन.